चंद्रावरचे चिंचोके

माजी नात मोबाईल घिऊन बसली की तिला भाकरीचीबी शुद्ध राहत न्हाई. काल म्हनलं, बगू तरी काय हाय त्यात. तर पडद्यावर कुठला तरी परका ग्रह, तांबडी माती, आन् लोखंडी मानसं हाडामासाच्या मानसांवर गोळ्या घालत्यात. मी इचारलं, "ह्ये भांडत्यात कशापायी?" तर म्हनती, "आजी, तुला न्हाई कळायचं. ह्ये रोबो हायती. नवीन गेम हाय."

नवीन म्हनं. तुजा आजा असता तर पोट धरून हसला असता. बाई गं, ज्या पाटावर बसून तू त्ये खेळतीस न्हवं, त्यो पाट जरा उलटा कर. त्याच्या पाठीवर खिळ्यानं वडल्याल्या रेगा हायती. त्यो चंद्र हाय. आमच्या घरात लोखंडी मानसं चौऱ्याहत्तर सालीच नांदून गेली, आन् त्यांच्यापायी माजा संसार मोडता मोडता ऱ्हायला. आता बस गप आन् ऐक.

आमचं लगीन एकाहत्तरच्या उनाळ्यात झालं. मी कवठे महांकाळकडची, कुसळाच्या रानातली. सासर हितं कऱ्हाडाच्या खाली, कृष्णाकाठाला, जितं बगावं तितं ऊस. मालक पलटनीत. नाव नाथाजी. आता घेते नाव, तवा घ्यायची टाप न्हवती. अंगाची हळद निघायच्या आदी रजा संपली, ह्ये गेलं, आन् त्याच वरसाच्या शेवटाला लढाई लागली. सुरुंगावर पाय पडला. उजवा पाय गुडघ्याखाली गेला. पुन्याच्या मिलिटरी दवाखान्यात वरीसभराच्या वर काढलं, आन् घरी आलं त्ये लाकडाचा पाय घालून. चामड्याचं पट्टं, टाचंला रबर, घोट्यात लोखंडाची कळ. चालताना कुईऽ करायचा. माजी सासू राहीबाई, तिला आमी आत्ती म्हनायचो, ती एरंडाच्या तेलाचा थेंब घिऊन पाठीमागं फिरायची.

पाय आनला तसा ह्येंनी आनखी एक ऐवज आनला, एक खेळ. दवाखान्यात शेजारच्या खाटंवर बिराप्पा म्हनून जतकडचा धनगर व्हता, त्याचा हात गेल्याला. कुनीतरी तितं इंग्रजी चित्रांचं मासिक टाकून गेलं व्हतं. त्यात चंद्रावर चालनारी लोखंडी मानसं. त्या दिसांत मानूस चंद्रावर जाऊन आल्याची बात पोरासोरांच्याबी तोंडात व्हती. वाचाय दोघांनाबी येत न्हवतं, पर पडून पडून करायचं काय? वाघ-बकरीच्या रेगा वडल्या, वाघाच्या जागी मिलिटरी गाडीचं लोखंडी नट घेतलं, बकरीच्या जागी चिंचोकं. नट म्हंजी लोखंडी मानसं आन् चिंचोकं म्हंजी आपुन.

नियम सोपं व्हतं. चिंचोका एक घर चालायचा, नट दोन घरं. नट त्याच्या कडंवर उभा करायचा. तीनदा चालला की त्याची चावी संपली, मग त्याला आडवा पाडायचा. शेजारच्या घरात चिंचोका असला तरच त्यो परत उभा. कारन चावी मानसाच्या हातात, असं बिराप्पाचं म्हननं. खेळायचं दोन डाव. एक सोबतीचा. पाटाच्या मधोमध बिनहव्याची दरी, तितं चिंचोका एकला गेला तर मेला. म्हनून नटानं त्याला पाठीवर घ्यायचा, पल्याड वडल्याल्या विहिरीपतोर न्यायचा, आन् चिंचोक्यानं वाटंत नटाला उटवत ऱ्हायचं. सगळी पोचली की दोघंबी जिंकली. दुसरा डाव लढाईचा. त्यात नट उडी मारून चिंचोका खायचा, वाघ बकरी खातो तसा, आन् चिंचोक्यांनी त्याला कोंडून धरायचा.

तवा आमी सोबतीचाच डाव खेळायचो. काय दिस व्हतं गं त्ये! ह्ये पाय चढवून मळ्यात जायचं, पाटाचं पानी बगून यायचं, आन् उन्हं कलली की सोप्यात पाट उलटा मांडायचा. गावातली बापय मानसं पत्त्यात रमायची, ह्येंचा खेळ शिकायला कुनाला सवड? म्हनून मला शिकीवला. मी मुलखाची चौकस. इचारायची, "चंद्रावर जोंधळा कसा पेरत्यात? म्हसरं हायती का? लोखंडी मानसाला सासू असती का?" आत्ती चुलीपासनं वरडायची, "असती तर सरळ चालला असता." नटांना ह्येंनी हुद्दं दिलं व्हतं. जो गंजल्याला त्यो सुभेदार. चिंचोक्यांना मी माज्या माहेरच्या मानसांची नावं दिली, माज्या बापाचं, आबांचंबी. एक कडंला टवका उडाल्याला चिंचोका व्हता, त्याला नाव दिलं न्हवतं, पर ह्ये त्याला गुमान माज्या नावानं, "अंबू" म्हनायचं. सुभेदार अंबूला पाठीवर घिऊन दरी वलांडायचा तवा ह्येंच्या तोंडाकडं बगत ऱ्हावं वाटायचं. लगीन झाल्यापासनं नवऱ्याची खरी वळख मला त्या पाटावर झाली.

मग आली खांडेनवमी. तुमाला आता ठावं न्हाई. त्या दिशी घरातली सगळी हत्यारं-अवजारं धुवायची, वळीनं मांडायची, हळदकुंकू लावायचं, झेंडू व्हायचा. आन् एकदा पुजलं की त्या दिशी उचलायचं न्हाई. वरीसभर राबल्यालं असतंय, एक दिस इसावा. ह्ये आंगुळीला गेलतं. आत्तीनं खाटंजवळचा लाकडी पाय उचलला, चिंच लावून कळ घासली, आन् कुऱ्हाड आन् पाभर यांच्यामदी मांडून दिला. वर पाच बोटं कुंकवाची. लय मायेनं केलं बग तिनं. तिच्या मनात काय, तर घरातलं सगळ्यात मोलाचं त्येच.

ह्ये भिंतीला धरून आलं. "आई, पाय दे."

"आरं पुजलाय त्यो. उद्या दसऱ्याच्या शिलंगनाला घाल."

"आगं, मळ्यात जायचं हाय."

"आजच्या दिस बस की लेकरा. पुजल्यालं उचलू न्हाई."

आईम्होरं काय बोलनार? बसलं. दिसभर बसलं. दुपारी शेजारचं हंबीरराव परसाद घ्यायला आलं, वळ बगितली, आन् म्हनलं, "नाथाजी, तुजा पाय अवजारात गेला व्हय रं? मग तू कशात, गड्यात का बैलात?" हंबीररावांचं तोंडच तसलं, मनात काय नसायचं. ह्येबी हसलं. पर दिवा लावायच्या टायमाला मला म्हनलं, "अंबू, बैलाला पुजायला बेंदूर हाय. नांगराला खांडेनवमी हाय. मी कशात बसतो, सांग."

मला उत्तर सुचलं न्हाई. सुचलं न्हाई म्हनून माजाच मला राग आला, आन् राग आला म्हनून भाकरी करपल्या.

दुसऱ्या दिशी शिलंगनाला सगळ्या हत्यारांनी आपापली कामं धरली. ह्येंनी पाय खुंटीला अडकवला. त्यो तितंच ऱ्हायला. थंडी गेली, शिमगा गेला, पाय आपला खुंटीवर. ह्ये काखंत काठी घिऊन सोप्यापासनं परड्यापतोर, आन् परड्यापासनं सोप्यापतोर. पायाचा उरल्याला भाग कुनाला बगू द्यायचं न्हाईत. खोलीत कडी लावून सवता पट्टी बांदायचं. मी म्हनायची, "मी बांदते की." तर म्हनायचं, "तुजं काम न्हाई." आवं, नवऱ्याचा पाय बायकूचं काम न्हाई तर काय गावच्या तराळाचं?

आन् खेळ फिरला. सोबतीचा डाव बंद. मांडायचं त्यो लढाईचा. ह्येंचं नट, माजं चिंचोकं, आन् सुभेदार उड्या मारत माजं आख्खं माहेर खाऊन टाकायचा. शेवटला चिंचोका उचलला की म्हनायचं, "जिंकलो. लोखंडाला भूक न्हाई, दुखनं न्हाई, लाज न्हाई. चंद्रावर त्येच टिकनार." मी रोज हरायची. हरन्याचं वाईट न्हवतं वाटत, त्या बोलन्याचं वाटायचं.

चैतात एक दिस सरळ म्हनलं, "अंबू, तू माहेरी जा. मी अर्धा मानूस, उरल्यालं सरकारचं लाकूड. तुजं वय काय? मी बोलावनं धाडनार न्हाई, तू यायचं न्हाई. तुला कुनी बोल लावनार न्हाई, मी बगतो."

मी भांडी आपटली. म्हनलं, "मला न्यायला बेंदराला भाऊ येतोच हाय. तवा काय त्ये ठरवा, तवर ह्यो इषय काढायचा न्हाई." तेवढा येळ मिळवला. पर इषय सुटला न्हवता. कारन ह्ये मानूस एकदा बोललं की बोललं.

आता बेंदराचं, म्हंजी आमच्याकडच्या बैलपोळ्याचं सांगते. हितं कृष्णाकाठाला बेंदूर आखाडात. आमच्या माहेरच्या अंगाला कानडी मुलूख जवळ, तितं कर्नाटकी बेंदूर, म्हैनाभर आदी, जेठी पुनवंला. त्यामुळं मी माहेरचा बेंदूर करून सासरच्या बेंदराला परत यायची, दोनदा पुरनपोळी. त्या साली माहेरच्या बेंदराच्या आदल्या दिशी सकाळी माजा धाकटा भाऊ जोतीराम आला. चा पिताना सांगत व्हता, "आक्का, लवकर निगाय पायजे. आज सांजंला खांदमळनी. आबा म्हनल्यात, अंबूच्या हातचं लोनी लागल्याबिगर पाखऱ्या बैल उभा ऱ्हात न्हाई."

ह्येंनी कप खाली ठेवला. "जोतीराम, आक्काला घिऊन जा. आन् बेंदूर झाला तरी धाडू नगा. तितंच ऱ्हाऊ दे तिला."

जोतीरामाला वाटलं चेष्टा हाय. माज्या तोंडाकडं बगितलं आन् कळलं. आत्ती दारात जातं पुसत व्हती, तिचा हात थांबला.

मी आत गेले. पाट आनला, उलटा मांडला. एका अंगाला नट, एका अंगाला चिंचोकं.

"ह्ये काय?" ह्ये म्हनलं.

"डाव. लढाईचाच. तुमी जिंकलासा तर मी दुपारच्या यष्टीनं जाते, रडत न्हाई, परत येत न्हाई. मी जिंकले तर त्यो पाय खुंटीवरनं खाली येनार, आन् ह्यो इषय ह्या घरात परत निगनार न्हाई."

आत्ती कडाडली, "बायकूला डावावर लावतूस व्हय रं भाड्या?"

"आत्ती, त्येंनी न्हाई लावलं. मीच मला लावलं."

ह्येंनी एक नट बोटांत फिरवला. मग म्हनलं, "तू कवा जिंकलीयास का अंबू?"

"न्हाई. मग भ्या कशाचं?"

बसलो. जोतीराम कडंला, त्याला कायबी उमजंना. मी जीव लावून खेळले. सुभेदाराला दोनदा कोपऱ्यात कोंडला. पर नट त्यो नट, उडी मारून निसटायचा, चिंचोक्याच्या शेजारनं चावी भरून घ्यायचा आन् त्याच चिंचोक्याला खायचा. माजा आबा गेला, माजी चुलती गेली, एकेक करून सगळी गेली. शेवटाला ऱ्हायला त्यो टवक्याचा चिंचोका. त्याच्याम्होरं सुभेदार.

ह्येंचा हात नटावर थांबला. माज्याकडं बगितलं न्हाई. खरं सांगते, मला वाटलं, आता न्हाई खानार. कुनीबी थांबलं असतं. पर ह्ये शिपाईगडी, डाव म्हंजी डाव. सुभेदारानं उडी मारली. ह्येंनी चिंचोका उचलला आन् मुठीत धरला.

"जिंकलो," म्हनलं. "जा."

जोतीराम उठला, त्यानं माजं गठुडं उचललं. मीबी उठाय गेले. आन् त्या पाटाकडं बगताना माज्या डोस्क्यात एकदम उजेड पडला. रोज हरून मी रोज उठून जात व्हते. फुडं काय हुतं त्ये आमी कवा बगितलंच न्हवतं.

"चाला," मी म्हनलं.

"काय?"

"तुमची चाल. डाव सरला, चंद्र सरला का? लोखंडी मानसं हायती न्हवं त्यावर? चालवा त्येंला."

"येड लागलं काय तुला?"

"चालवा. जिंकल्यालं मानूस चालाय का भितंय?"

ह्येंनी रागानं एक नट चालवला. मग दुसरा. येक, दोन, तीन झालं की नट आडवा. शेजारी चिंचोका कुठनं असनार? एक पडला, दुसरा पडला, हवालदार पडला. फकस्त सुभेदार उभा ऱ्हायला. त्यो दोन घरं चालला, परत दोन घरं चालला, पार विहिरीजवळ पोचला. मग त्योबी आडवा.

पाटावर नुसतं आडवं लोखंड.

"आता?" मी इचारलं.

"आता काय न्हाई."

"जिंकलासा न्हवं? मग उटवा की. ना भूक, ना दुखनं, ना लाज. टिकलं म्हनत हुतासा. असं टिकलं व्हय?"

ह्ये पाटाकडं बगत बसलं. मग मूठ उगडली. चिंचोका घामानं वला झालता. त्यो लुगड्याला पुसावा तसा धोतराला पुसला, आन् सुभेदाराच्या शेजारच्या घरात ठेवला. असा नियम न्हवता. मेल्याला चिंचोका परत येत न्हाई. पर ठेवला, आन् सुभेदाराला कडंवर उभा केला. आन् मग तोंडावर पंचा घिऊन रडलं. सुरुंग लागल्यापासनं ह्ये मानूस रडलं न्हवतं, आत्तीनं मागनं मला सांगितलं.

मी उठले. चुलीकडं गेले, वाटीत लोन्याचा गोळा घेतला, त्यात हळद कालवली. जोतीराम गठुडं घिऊन तसाच उभा. मी ह्येंच्याम्होरं बसले आन् पट्टीची गाठ सोडाय घेतली. ह्येंनी माजा हात धरला. मी म्हनलं, "सोडा." सोडला.

मी पैल्यांदा बगितलं त्ये. खुंटीवर पाय टांगून म्हैनं झालं, तरी लाकडाची कड जितं बसायची तितं जुनं वळ तसंच. कातडं सोलवटून सोलवटून घट्टं पडल्यालं, एका जागी अजून तांबडं. लाज कशाची वाटत व्हती ह्या मानसाला, देव जानं. आमच्या पाखऱ्याचा खांदा पेरनी सरल्यावर असाच दिसायचा. जू घासून घासून.

"तुमी इचारलं व्हतं, कशात बसतो," मी म्हनलं. "मला तवा सुचलं न्हाई. खांदमळनीला लोनी कुठं लावत्यात, सांगा."

"खांद्याला."

"शिंगाला न्हाई, जुवाला न्हाई. लाकूड आन् कातडं जितं एकमेकाला भेटतं तितं. कारन दोघांचा भार तितं येतो, आन् सोलतंबी तितंच. ह्यात लाजायचं काय हाय?"

दोनी हातांनी लोनी चोळलं. हळूहळू. आदी अंग आकसलं, मग सैल सोडलं. माज्या माहेरी सांजंला आबा बैलांचं खांदं असंच मळनार. चोळून झालं तवा माहेरी आमी बैलाच्या कानात जे म्हनतो त्येच ह्येंच्या कानात म्हनलं, "आज आवतान घ्या, उद्या जेवायला या."

म्हातारी आत्ती उठली. खुंटीवरचा पाय काढला, पदरानं धूळ पुसली, आन् अवजारांच्या कोपऱ्यात न्हाई, ह्येंच्या शेजारी, मांडीला लावून ठेवला. तिनं काय समजून घेतलं आन् कवा, त्ये तिनं मला कवाच सांगितलं न्हाई.

जोतीराम गठुडं सावरत म्हनला, "दाजी, यष्टीचा टाईम व्हतोय. आक्काला न्यायचं का न्हाई?"

"एकलाच जा. आबांना सांग, पाखऱ्याला यंदा तुमीच लोनी लावा. उद्या हितं बेंदूर हाय."

"उद्या? हितला बेंदूर म्हैन्यानं न्हवं?"

"बैलांचा म्हैन्यानं," ह्ये म्हनलं.

आत्तीनं सूप घेतलं आन् पुरनासाठी डाळ निवडाय बसली.